हॉलमधली मोकळी भिंत

१२ एप्रिल

टाकी हॉलमध्ये आहे. त्या भिंतीला!

हर्णेहून संध्याकाळी आले, चपला काढल्या आणि दारातच थांबले. मासळीच्या लिलावावरचा मजकूर गाडीत डोक्यात तयार झाला होता, तो तिथेच सांडला. सहा फूट लांब काच. खाली लोखंडी स्टँड, त्याच्या पोटात आणखी एक टाकी, पाइप, कॉक, पंप, वायरी. जयवंत जमिनीवर आडवा पडून पान्याने काहीतरी आवळत होता. ‘आलीस? पाय जपून टाक, पाइप आहे.’

टाकी येणार हे माहीत होतं. मार्चमध्ये बोटीवरची इंजिनियरची नोकरी संपवून कायमचा उतरला तेव्हाच म्हणाला होता, आता घरी प्रवाळाची टाकी करणार, खाऱ्या पाण्याची. मला वाटलं, काचेचा एखादा डबा, दोन मासे, वरच्या खोलीत. मी बातमीसाठी बाहेर होते तेवढ्यात पुण्याहून माणसं आली, काच बसवून गेली. गळतंय का बघायला पाणी सोडायला घेतलंय. भरली की हलत नाही म्हणे, जवळपास टनभर वजन होतं.

आणि ती भिंत गणपतीची आहे.

घरातली ती एकच भिंत आम्ही मोकळी ठेवतो. टीव्ही नाही, कपाट नाही, कॅलेंडरसुद्धा नाही. भाद्रपदात तिथे मखर लागतं. सासूबाई समोरच्या खुर्चीत माळ ओढत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पुढचा मणी ओढला.

१३ एप्रिल

विचारलं त्याला. इथेच का?

‘खालचा जोता भरीव आहे, वजन घेईल. ऊन येत नाही, म्हणजे शेवाळ कमी. पलीकडे मोरी, पाणी सोडायला सोपं. चार प्लगही आहेत, कुणीतरी विचार करून बसवलेत. आणि ही भिंत मोकळीच होती की.’

मोकळीच होती की. सासूबाई उठून आत गेल्या.

प्लग मी बसवून घेतले होते. मखराच्या रोषणाईसाठी.

१४ एप्रिल

दिवे आले. निळसर, टाकीच्या लांबीचे, वरून टांगायचे. जयवंत शिडीवर चढला आणि खुशीत म्हणाला, ‘अगं, छताला हुक तयारच आहेत! अगदी मापात. झोपाळ्याचे का गं?’

माटवीचे हुक. गणपतीच्या डोक्यावर लाकडी माटवी बांधतो, तिला नारळ, सुपाऱ्या, काकड्या, कवंडळं लटकवतो, तिचे. थट्टा करत होता का? चेहऱ्यावरून कळेना. दिवे अडकवून खाली उतरला, हात झटकले. ‘मस्त ना?’

मी म्हटलं, ‘मस्त.’

का म्हटलं?

१७ एप्रिल

बाळाभावजींचा डोंबिवलीहून फोन. सासूबाईंनी सांगितलेलं दिसतंय. ‘काय वहिनी, दादाने यंदा गणपतीऐवजी मत्स्यावतार बसवलाय म्हणे?’ हसत होते, पण हसणं मध्येच संपलं. मग आवाज खाली आणून, ‘त्याला नको असेल तर तसं सांगा. आम्ही इकडे आणतो.’

जुनी ठसठस आहे ही. मामंजी गेले तेव्हा भावजींचं म्हणणं होतं, गणपती डोंबिवलीला नेऊ, सगळी माणसं तिकडेच आहेत. जयवंत तेव्हा बोटीवर. तिथून फोन करून एवढंच बोलला, ‘गणपती रत्नागिरीतच.’ विषय मिटला. जुन्या घरी गणपती माजघरात बसायचा, हे घर बांधलं तेव्हापासून हॉलमध्ये बसतो. म्हणजे ज्याने गणपती इथे ठेवला, त्यानेच आता त्याची जागा घेतली.

अर्थ लागत नाही. श्रद्धा उडाली म्हणावं, तर आंघोळ झाली की देवघरापुढे हात जोडून उभा असतो. धावपळ नको झाली म्हणावं, तर धावपळ त्याने केलीय कधी? लेकीची, शमिकाची मे महिन्याची सुट्टी धरून रजा, जून उजाडला की बोट. भाद्रपदात तो कायम पाण्यावर. धावपळ आमची.

की राग आहे त्याला? इतकी वर्षं त्याच्याशिवाय सगळं नीट झालं, याचा?

२० एप्रिल

लिलावाचा मजकूर पाठवला, वेळेत. संपादकांचा फोन, ‘ताई, सगळं छान, पण त्या दिवशी भाव काय फुटला तेच नाही लिहिलंत.’ असं माझं कधी होत नाही.

२४ एप्रिल

मुंबईहून मिठाच्या बादल्या आल्या. खास मीठ. गाळणीच्या यंत्रातून थेंबथेंब पाणी पिंपात साठवायचं, त्यात हे मीठ विरघळवायचं, दुर्बिणीसारख्या एका नळीतून खारटपणा बघायचा, मग टाकीत सोडायचं. दिवस दिवस चाललंय.

मासेवाली जनी पाटी उतरवून दारात टेकली आणि बघतच राहिली. ‘वयनी, समुद्र हितं हाकेवर. नि मीठ मुंबयवरनं?’

जयवंत आतून म्हणाला, ‘बंदरातल्या पाण्यात डिझेल असतं जनीबाय. मासे मरतील.’

‘मंग मी आनते ते मासं काय गंगेतलं हायत?’

सासूबाई हसल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

२५ एप्रिल

जयवंतने विचारलं, हॉलच्या पंख्याचं बटण कुठलं. काल साखरेचा डबा. परवा पावसाळी चपला कुठे ठेवतो. हे घर बांधून नऊ वर्षं झाली. मी हसून सांगते.

३ मे

आज घरात रीतसर भांडण झालं, एका कोळंबीवरून.

टाकी भरली. पाणी गोल फिरतंय, पंप चालू, दिवे चालू, आत एकही जीव नाही. जयवंतने जनीच्या पाटीतली उत्तम मोठी कोळंबी निवडली आणि न सोलता टाकीत सोडली. मेलेली. सासूबाई बघत होत्या. ‘पडली का रे?’

‘नाही गो आई. टाकली. कुजायला.’

‘काय?’

मग त्याने समजावलं. कोळंबी कुजली की पाण्यात विष तयार होतं, ते विष खाणारे जिवाणू वाढतात, ते पुरेसे झाले की मगच मासे सोडायचे. त्याला महिना लागेल, जास्तही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ‘खाणाऱ्याच्या घरात कोळंबी कुजवायची,’ म्हणाल्या, ‘नि तीपण त्या भिंतीशी.’

‘त्या भिंतीशी’ त्याने जणू ऐकलंच नाही. छोट्या नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, रंग उजेडात धरून बघत बसला. बॉयलरचं पाणी असंच तपासायचो, म्हणाला.

जनी जाताना मला हळूच, ‘साहेब बरं हायत ना?’

९ मे

वास येतो. जयवंत नाही म्हणतो, पण येतो.

१४ मे

पाहुणे येतात. सहा फुटांचं रिकामं पाणी बघतात. ‘वा,’ म्हणतात. मग खाली वाकून बघतात, बाजूने बघतात. ‘मासे कुठे आहेत?’ जयवंत जिवाणूंबद्दल सांगायला लागतो. पाहुणे आंबे घेऊन लवकर निघतात.

२२ मे

दुपारी वारा सुटला आणि वीज गेली. इतर घरं पंखा बंद झाला म्हणून करवादतात. आमच्याकडे जयवंत जेवता जेवता उठला, उष्ट्या हाताने जनरेटर ओढला. पंप सुरू झाला तसा मान तिरकी करून ऐकत उभा राहिला. ‘आवाज बदललाय. हवा धरलीय त्याने.’ कॉक थोडा पिळला. ‘आता बरोबर.’

मला काही फरक कळला नाही. विचारलं, ‘आत एक मासा नाही. थांबलं तर मरणार काय?’

‘जिवाणू,’ म्हणाला. दुखावून.

टाकीखालचं कपाट उघडं होतं. आत पंप, फेस काढायचं नळकांडं, पाणी गार ठेवायचं यंत्र, प्रत्येक पाइपवर त्याच्या अक्षरात पट्टी. हा माणूस तीन दशकं बोटीच्या पोटात काम करून आला आणि त्याने ते पोट हॉलमध्ये आणलंय. तेवढं मला कळतं. त्यावर रागही नाही. पण घरात इतक्या जागा होत्या!

४ जून

जून लागला. माळ्यावरची बॅग खाली आली नाही.

सकाळी सवयीने त्याचे शर्ट मोजायला गेले. तो टाकीपुढे चहा पीत बसला होता. ‘काय शोधतेस?’ काही नाही म्हटलं.

८ जून

बाळाभावजींनी कुटुंबाच्या ग्रुपवर मागच्या वर्षीच्या गणपतीचा फोटो टाकला. बाकी एक अक्षर नाही. हेतू उघड आहे. फोटो मीच काढलेला: मधोमध मूर्ती, मागे सासूबाईंच्या लग्नातला जांभळा शालू. जुन्या घरापासून तोच शालू मागे लावतो, वर माटवी. दरवर्षी असाच फोटो मी बोटीवर पाठवायचे. तिथून दोन-तीन दिवसांनी उत्तर यायचं, ‘सुंदर.’

तासाभराने जयवंतने खाली अंगठा टाकला. वर लिहिलं, ‘सुंदर.’

काय समजायचं माणसाने?

शमिकाला बेंगळुरूला फोन केला. म्हणाली, ‘आई, तू जिल्हाभर लोकांना “का” विचारत फिरतेस. बाबांना विचार ना.’

‘विचारलं मी. जोता भरीव आहे म्हणाला.’

‘मग तेच असेल.’

‘इतकं सोपं नसतं गं काही.’

‘बाबांचं असतं,’ म्हणाली.

१९ जून

टाकीत दगड गेले. सासूबाईंनी सुचवलं होतं, मागे चिऱ्याचे तुकडे पडलेत ते टाक. चिऱ्यात लोखंड असतं, पाण्यात उतरलं की शेवाळ माजतं, म्हणून त्याने पांढरे कृत्रिम दगड मागवले. समुद्रातलं प्रवाळ उचलणं गुन्हा आहे हे मी सांगायच्या आधी त्यानेच सांगितलं. मऊ जातीचं, टाकीतच वाढवलेलं मिळतं, तेवढंच आणणार.

दोन दिवसांत दगड तपकिरी झाले. ‘हे असंच होतं,’ म्हणाला. सगळंच असंच होतं, त्याच्या मते.

१२ जुलै

मासे आले. पिशव्या तरंगत ठेवून, थेंबथेंब पाणी एकात एक करून, शेवटी सोडले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, बोटाएवढे दोन. शिवाय एक शंखातला खेकडा. दगडावर प्रवाळाचा एक तुकडा, दुपारी बंद मुठीसारखा दिसत होता. दिवे लागले तसा हळूहळू उघडला, बोटं बोटं झाली, पाण्याबरोबर हलायला लागली.

मी मजकूर अर्धा सोडून बघत उभी होते. खरं लिहायचं तर फार सुंदर आहे. त्यामुळे गोंधळ जास्तच वाढलाय. वाईट असतं तर सोपं होतं.

सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. ‘हे खातात का रे?’

‘नाही गो.’

‘मग बरं.’ बराच वेळ बघून, ‘हा मोठा सारखा त्या धाकट्याच्या अंगावर जातो. बाळाच्या अंगावर तू असाच जायचास.’

जेवताना त्यांनी ताट फिरवून घेतलं, टाकीकडे पाठ. सुकट होती. त्यांच्यासमोर खायला बरं नाही वाटत, म्हणाल्या.

१७ जुलै

सासूबाई मला एकटीला, वाल सोलताना: ‘गणपती काय गो, पाट ठेवाल तिथे बसतो. त्याचं काही नाही. जयवंताच्या मनात काय आहे, तेवढं कळू दे.’

म्हणजे त्यांनाही तेच टोचतंय. जागा नाही, मन. मग विचारा ना त्याला, म्हटलं. ‘मी कशी विचारू? इतक्या वर्षांनी घरी आलाय. नको म्हणाला तर?’

नको म्हणाला तर. मीही याच शब्दापाशी अडलेय, फक्त लिहिला नव्हता.

२९ जुलै

नागपंचमी. दरवर्षी आजच्या दिवशी पाट जातो. घरचा पाट धुऊन, पुसून भागोजीच्या गणपतीच्या शाळेत पोचवायचा, तो त्याच पाटावर मूर्ती घडवतो. गावातल्या प्रत्येक घरचा पाट तिथे असतो, मागे रंगाने नाव.

सासूबाईंनी पाट काढला. धुतला. सुकवला. भिंतीला टेकवून ठेवला. नेऊन दे असं मला म्हणाल्या नाहीत. मीही हात लावला नाही. दोघी त्याच्या बाजूने ये-जा करत राहिलो.

जयवंत दिवसभर टाकीची काच आतून घासत होता.

३१ जुलै

भागोजीचा फोन. ‘वहिनी, सगळ्यांचे पाट आले. तुमचा राहिला. माती मळून ठेवलीय.’ उद्या कळवते म्हटलं. ‘कळवायचं काय त्यात?’ तो म्हणाला. बरोबर आहे त्याचं.

ठरवलं, आज विचारायचंच. इतक्या माणसांची उलटतपासणी घेतली, मंत्री, ठेकेदार. चहा दिला आणि समोर बसले.

‘गणपतीचं काय करायचं?’

‘काय म्हणजे?’

‘यंदा.’

‘यंदा मी आहे की,’ म्हणाला, आणि माशांना चिमूटभर खाणं टाकलं.

यात होकार आहे की नकार? मी आहे म्हणजे मी करतो, की मी आहे म्हणजे मी ठरवतो? पुढचा प्रश्न तोंडात होता, नाही आला. तो गुणगुणत होता. नीट ऐकलं. आरती होती. कडवी मागेपुढे, एक तर गाळूनच.

१ ऑगस्ट

पाट दिसला त्याला. ‘हा अजून इथेच? भागोजी थांबला असेल. काय तुम्ही दोघी, सांगायचं तरी. सकाळी मीच देऊन येतो.’ पाट उचलला, मागचं रंगातलं नाव वाचलं, वडिलांचं. अंगठ्याने कड पुसत राहिला.

सासूबाईंचे डोळे भरले. माझं डोकं पार बंद पडलं. गणपती हवाय. मग त्याच्या जागेवर टनभर पाणी का? बसवणार कुठे? सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ‘त्याने काहीतरी योजलं असेल.’

इंजिनियर आहे. योजलं असेल.

२ ऑगस्ट

जयवंत पाट देऊन आला. भागोजी म्हणाला म्हणे, दादा, यंदा तुम्ही घरी, मूर्ती वीतभर मोठी करतो, जागेचं माप तेवढं सांगा. तसा आल्या आल्या टेप घेऊन देवघराच्या आतल्या खोलीत शिरला. सासूबाई आणि मी स्वयंपाकघरातून बघत होतो. एक भिंत मापली, दुसरी मापली, मध्ये उभा राहून वर छताकडे बघितलं.

‘अगं,’ तिथूनच म्हणाला, ‘दरवर्षी मखर मावतं कसं इथे? आणि माटवी कुठे टांगता? वर तर काहीच नाही.’

हॉलमधून पंपाचा आवाज येत होता.

नऊ वर्षं फोटो मीच पाठवले. त्यात शालू येतो. भिंत येत नाही.